लाईट गेली, रेंज गेली तरी चालतील अशी डेव्हलपर टूल्स : बिल्ड, आय/ओ, डब्ल्यूडब्ल्यूडीसी २०२५ मधलं आपण काय उचलायचं?

कातळावरचा

२०२५ च्या मे-जूनमध्ये तीन मोठ्या परिषदा लागोपाठ झाल्या. मायक्रोसॉफ्टची बिल्ड १९ ते २२ मे सिएटलला, गूगल आय/ओ २० आणि २१ मेला, ॲपलची डब्ल्यूडब्ल्यूडीसी ९ ते १३ जूनला. काय काय दाखवलं याच्या याद्या सगळीकडे मिळतात. इथे प्रश्न वेगळा आहे. देवगड, गुहागर, श्रीवर्धनला बसून ॲप लिहिणाऱ्याने त्यातलं काय घ्यावं? मृगाच्या पहिल्या सरीला लाईट जाते, गणपतीत चाकरमानी आले की टॉवरवर ताण येतो, आणि डोंगराच्या आडोशाला रेंज मुळातच बेताची असते.

टूल कोणत्या कंपनीचं, हे मी शेवटी बघतो. ते नेट कसं वापरतं ते आधी. त्यावरून तीन गट पडतात.

पहिला गट एकदा उतरवून घेतलं की आपल्या मशीनवर चालणाऱ्यांचा. बिल्डमध्ये दाखवलेलं फाउंड्री लोकल (एआय मॉडेल आपल्याच मशीनवर चालवणारं टूल) आणि आय/ओमध्ये प्रीव्ह्यू म्हणून आलेलं जेम्मा ३एन (गूगलचं छोटं एआय मॉडेल) यात बसतात. दुसऱ्या गटात काम सांगून नेट बंद केलं तरी चालतं, कारण काम तिकडच्या सर्व्हरवर होतं : गूगलचं ज्यूल्स आणि गिटहबचा कोपायलट कोडिंग एजंट, दोन्ही सांगितलेलं काम स्वतः कोड लिहून करणारे एआय. तिसऱ्या गटातल्यांना दर अक्षराला नेट लागतं. एडिटरमध्ये क्लाउडवरून येणाऱ्या सूचना, ब्राउझरमध्ये उघडणारे पूर्ण आयडीई (कोड लिहून चालवून बघायची साधनं) हे सगळे त्यात आले.

तिसरा गट आपल्याकडे पावसाळ्यात चालत नाही, त्यावर वेळ घालवू नका. पहिल्या दोन गटांतलं काय आणि कसं बसवायचं ते इथे नीट लिहून ठेवू या. कमांड उच्चाराप्रमाणे देतोय, टर्मिनलमध्ये रोमन टाइप करा.

फाउंड्री लोकलपासून सुरुवात करतो. विंडोजवर विनगेटने (प्रोग्रॅम बसवायच्या कमांडने) बसतं, मॅकवरही चालतं. किमान ८ जीबी रॅम आणि ३ जीबी मोकळी डिस्क लागते, पण खरी सोय १६ जीबी रॅमवर. 'फाउंड्री मॉडेल लिस्ट' दिलं की यादी येते, 'फाउंड्री मॉडेल रन' आणि पुढे मॉडेलचं टोपणनाव दिलं की तुमच्या हार्डवेअरला जुळणारी आवृत्ती उतरते. आपल्या प्रोग्रॅममधून ओपनएआयच्या पद्धतीच्या एपीआयने त्याच्याशी बोलता येतं. अडतं ते पोर्टपाशी. सर्व्हिस दरवेळी सुरू होताना पोर्ट बदलू शकतो. तो कोडमध्ये पक्का लिहिला तर लाईट येऊन मशीन परत चालू झाल्यावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड' येतं आणि माणूस मॉडेलला दोष देत बसतो. 'फाउंड्री सर्व्हिस स्टेटस'ने चालू पत्ता बघा, किंवा त्यांची एसडीके वापरा. ती पत्ता स्वतः शोधते.

ॲपलचं थोडक्यात. फाउंडेशन मॉडेल्स फ्रेमवर्कमुळे फोनमधलं सुमारे ३ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ॲपला वापरता येतं, नेट लागत नाही. पण त्याला आयफोन १५ प्रो किंवा पुढचा फोन लागतो, संदर्भाची (एका वेळी ध्यानात राहणाऱ्या मजकुराची) मर्यादा ४०९६ टोकन, म्हणजे शब्दांचे तुकडे, आहे, आणि मराठी त्याच्या भाषांमध्ये नाही. बागायतदार आणि मच्छीमार सोसायट्यांसाठी ॲप करणाऱ्यांना त्याचा तूर्त उपयोग नाही.

खाडीपलीकडे

धागा काढलात ते फार बरं केलंत. पहिल्या गटाबद्दल एक हिशेब देतो. तो न करता लोक ८ जीबीच्या लॅपटॉपवर मोठं मॉडेल चढवतात आणि 'लोकल काही कामाचं नाही' म्हणून सोडून देतात.

मॉडेलला प्रत्येक टोकन लिहिताना आपली जवळजवळ सगळी वजनं (शिकून साठवलेले आकडे) मेमरीतून एकदा वाचावी लागतात. म्हणून वेगाची वरची मर्यादा = रॅमची बँडविड्थ भागिले मॉडेलचा आकार. डीडीआर४-३२०० ची एकच पट्टी असेल तर सेकंदाला २५.६ जीबी. क्वेन २.५ कोडरचं ७ अब्जचं चार-बिटी (आकडे आखूड करून लहान केलेलं) मॉडेल ओलामावर, म्हणजे मॉडेल आपल्या मशीनवर चालवायच्या टूलवर, ४.७ जीबीचं आहे. २५.६ भागिले ४.७ म्हणजे सेकंदाला जेमतेम ५ टोकन, तेही कागदावर. १.५ अब्जचं मॉडेल ९८६ एमबीचं आहे, त्याची मर्यादा २६ च्या आसपास येते.

यातून दोन गोष्टी निघतात. स्वस्त लॅपटॉपमध्ये बहुधा ८ जीबीची एकच पट्टी असते. दुसरा स्लॉट रिकामा असेल तर तेवढ्याच क्षमतेची आणि वेगाची दुसरी पट्टी घाला. रॅम १६ होतेच, शिवाय दोन्ही चॅनल चालू होऊन बँडविड्थ ५१.२ वर जाते. मॉडेलचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि एवढ्या खर्चात दुसऱ्या कशाने होणार नाही. घेण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मेमरी इथे 'स्लॉट्स यूज्ड' बघा. काही पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच जोडलेली असते, तिथे इलाज नाही.

दुसरी गोष्ट संदर्भाची. मॉडेलच्या आकाराशिवाय प्रत्येक टोकनामागे वेगळी मेमरी जाते. क्वेन कोडर १.५ अब्जला टोकनामागे २८ केबी, ७ अब्जला ५६ केबी. ४०९६ टोकनांना छोटं मॉडेल ११२ एमबी घेतं, ते परवडतं. मोठ्या मॉडेलला ३२ हजार टोकन द्यायला गेलात तर पावणेदोन जीबी नुसते त्यातच जातात.

ओलामा वापरत असाल तर एक सवय लावून घ्या : 'नम सीटीएक्स', म्हणजे संदर्भाची मर्यादा, किती आहे ते स्वतः ठरवा. मूळ मर्यादेपेक्षा मजकूर लांब झाला तर सुरुवातीचा भाग गुपचूप कापला जातो, कुठेही लाल अक्षरं येत नाहीत. मग मॉडेल तुम्ही वर दिलेला फंक्शनचा नमुना सोडून भलतंच लिहितं.

सड्यावरची

खाडीपलीकडे, हिशेब फारच उपयोगी आहे. माझ्यापुढे प्रश्न कॉलेजच्या लॅबचा आहे. २० मशीन, सगळी ८ जीबी, नेटची एकच लाइन. एका तासाला २० मुलं एकदम 'एनपीएम इन्स्टॉल' (जावास्क्रिप्टची पॅकेज उतरवणं) किंवा ग्रेडल बिल्ड (अँड्रॉइड ॲप बांधणं) सुरू करतात आणि कोणाचंच पूर्ण होत नाही. मॉडेल वगैरे पुढची गोष्ट, आधी पॅकेज उतरायला हवीत. काय करावं?

आणि एडिटरमध्ये नेटशिवाय कोड पुरा करून देणारं काही आहे का, जे ८ जीबीवर खरंच चालेल?

कातळावरचा

सड्यावरची, दुसऱ्याचं उत्तर आधी. लामा डॉट सीपीपी (मॉडेल आपल्या मशीनवर चालवायचं आणखी एक टूल) वाल्यांचं 'लामा डॉट व्हीएसकोड' एक्स्टेन्शन घ्या. सोबत लामा-सर्व्हर चालवा आणि त्याला 'फिम क्वेन १.५बी डिफॉल्ट' हा तयार पर्याय द्या. तो ८०१२ पोर्टवर ऐकतो. पहिल्यांदा चालवताना मॉडेल नेटवरून उतरतं, म्हणून ते लॅबमध्ये नेट असताना एकदा करून ठेवा. हे छोटं मॉडेल ओळ किंवा चार ओळी पुऱ्या करायला चांगलं आहे. त्याला पूर्ण प्रोग्रॅम मागू नका, 'हा बग का येतो' असंही विचारू नका, तेवढी त्याची कुवत नाही.

पागोळी

लॅबचं मी सांगते.

एनपीएमसाठी व्हेर्डाचिओ बसवा. एका मशीनवर चालतं, मूळ पोर्ट ४८७३. पहिल्या मुलाने मागितलेलं पॅकेज ते बाहेरून आणून स्वतःकडे ठेवतं, बाकीच्या १९ जणांना लॅबच्या केबलवरून मिळतं. बाहेर मोकळं करताना कॉन्फिग फाईलमध्ये 'लिसन'पुढे ०.०.०.०:४८७३ लिहा, नाहीतर ते फक्त स्वतःच्याच मशीनला उत्तर देतं. मग बाकी मशीनवर 'एनपीएम कॉन्फिग सेट रजिस्ट्री' देऊन त्या मशीनचा आयपी द्या. तो आयपी राउटरमध्ये कायमचा बांधून घ्या, नाहीतर लाईट जाऊन आल्यावर बदलतो आणि सगळी लॅब बंद.

यात एक फसगत आहे. पॅकेज-लॉक फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजपुढे ते कुठून आणलं तो पत्ता लिहिला जातो. मुलाने ती फाईल गिटमध्ये (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाकली आणि घरी जाऊन 'एनपीएम सीआय' दिलं की ते लॅबच्या १९२.१६८ वाल्या पत्त्याकडे जाऊ पाहतं आणि अडकतं. एनपीएम आपणहून पत्ता बदलून घेतं ते फक्त मूळ एनपीएमजेएसच्या पत्त्याच्या बाबतीत, तुमच्या खासगी पत्त्याच्या नाही. म्हणून डॉट-एनपीएमआरसीमध्ये 'ओमिट लॉकफाईल रजिस्ट्री रिझॉल्व्ड' ट्रू करून ठेवा. मग पत्ता लिहिलाच जात नाही.

ग्रेडलसाठी : प्रत्येक प्रोजेक्टच्या रॅपर फाईलमध्ये ग्रेडलची आवृत्ती लिहिलेली असते. चार नमुना प्रोजेक्टांत चार आवृत्त्या असतील तर चार वेळा शंभरावर एमबी उतरतात. लॅबमध्ये सगळ्या प्रोजेक्टांना एकच आवृत्ती ठरवून द्या, आणि पत्त्याच्या शेवटी 'ऑल' असेल तर 'बिन' करा. 'ऑल'मध्ये सोर्स आणि डॉक्युमेंटेशनही येतं, त्याची मुलांना गरज नाही.

उतरता उतरता लाईट गेली तर पुढच्या वेळी 'झिप एंड हेडर नॉट फाउंड' असा एरर येतो. अँड्रॉइड स्टुडिओ परत टाकायची गरज नाही. होम फोल्डरमधल्या डॉट-ग्रेडल, रॅपर, डिस्ट्स इथे जाऊन फक्त त्या आवृत्तीचं फोल्डर पुसा आणि परत बिल्ड द्या. एकदा सगळं उतरलं की बिल्डला 'डबल डॅश ऑफलाइन' द्या. ते नेटकडे बघतच नाही, त्यामुळे अर्धमेल्या लाइनवर टाइमआउटची वाट बघण्यात जाणारा वेळ वाचतो.

नांगरलेली होडी

बरा झाला विषय काढलास, कातळ.

गिटचं राहिलं. गिट क्लोन (रेपो, म्हणजे प्रोजेक्टचा इतिहासासकट साठा, उतरवणं) मध्येच तुटलं तर जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होत नाही, परत पहिल्यापासून. ६०० एमबीची रेपो आणि दर दहा मिनिटांनी पडणारं नेट असेल तर ती कधीच पुरी होणार नाही.

लहान घास घ्या. आधी 'डेप्थ १' देऊन फक्त शेवटची अवस्था आणा. मग 'गिट फेच', 'डबल डॅश डीपन १००' असं करत इतिहास थोडा थोडा मागवा. प्रत्येक फेरी पुरी झाली की तेवढं पदरात पडतं.

त्याहून खात्रीचं म्हणजे बंडल. चांगलं नेट असलेल्या कुठल्याही सर्व्हरवर क्लोन करून 'गिट बंडल क्रिएट', फाईलचं नाव आणि 'डबल डॅश ऑल'. सगळी रेपो एका फाईलमध्ये येते. ती 'डब्ल्यूगेट डॅश सी'ने उतरवा. हे तुटलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. मग त्या फाईलवरूनच क्लोन करा आणि 'गिट रिमोट सेट-यूआरएल'ने ओरिजिन खऱ्या पत्त्याकडे वळवा. पेन ड्राइव्हवर घालून शेजाऱ्याला दिली तरी चालते.

बऱ्याच ठिकाणी 'फिल्टर ब्लॉब नन'चा सल्ला देतात. आपल्याकडे तो देऊ नये. त्यात जुन्या फायली उतरतच नाहीत, गरज पडली की तेव्हा नेटवरून मागवल्या जातात. म्हणजे लाईट नसताना जुन्या कमिटवर गेलात किंवा 'ब्लेम' बघायला गेलात की काम थांबलं. कातळाच्या भाषेत हा तिसरा गट, पहिल्याचा वेष घेतलेला.

माडाची सावली

लोकलवर सगळ्यांचा भर दिसतोय. माझं मत थोडं वेगळं आहे : आपल्याला खरा फायदा दुसऱ्या गटाचा आहे.

ज्यूल्स किंवा कोपायलट एजंट रेपो तिकडच्या मशीनवर घेतो, पॅकेज तिकडच्या नेटवर उतरवतो, टेस्ट तिकडे चालवतो. तुमच्याकडून जातो तो चार ओळींचा मजकूर, परत येतो तो फक्त बदललेल्या ओळींचा डिफ. फोनवर एक काडी रेंज असली तरी काम सांगता येतं. ज्यूल्सच्या मोफत हिश्शात रोजच्या कामांची मर्यादा आहे, कोपायलट एजंट पैसे भरलेल्या प्लॅनवर मिळतो.

पण काम सांगताना हात आखडता घेऊ नका. समोर बसून दुरुस्त करता येत नाही, आणि उत्तर चुकलं हे कळेपर्यंत रेंज गेलेली असते. आंबा विक्रीच्या ॲपसाठी इश्यू (काम सांगणारी नोंद) असा असावा. त्यातला रूम हा ॲपमधला डेटाबेस, आणि मायग्रेशन म्हणजे जुन्या नोंदी त्याच्या नव्या आवृत्तीत नेणं :

'पेटीच्या प्रकारांच्या यादीत ६ डझनी जोडा. सध्या ४ आणि ५ डझनी आहेत. रूम डेटाबेसची आवृत्ती ७ वरून ८ करा आणि मायग्रेशन हाताने लिहा. फॉलबॅक टू डिस्ट्रक्टिव्ह मायग्रेशन वापरू नका. ७ मधल्या नोंदी ८ मध्ये तशाच राहतात हे तपासणारी टेस्ट लिहा. दुसऱ्या कोणत्याही स्क्रीनला हात लावू नका.'

तिसरं, चौथं आणि पाचवं वाक्य वगळलं तर एजंट सोपा रस्ता धरून ते फॉलबॅक टाकू शकतो. टेस्ट हिरवी होते, ॲप उघडतं, आणि जुना डेटाबेस पुसून नवा तयार होतो. ज्या बागायतदाराच्या फोनवर आठवड्याभराच्या नोंदी रेंजअभावी सर्व्हरला गेलेल्या नाहीत, त्याच्या त्या नोंदी कायमच्या गेल्या. ऑफलाइन ॲपमध्ये याच्याइतकी वाईट चूक दुसरी नाही.

कोपायलटसाठी आणखी एक. पॅकेज आधी बसवून घ्यायची फाईल गिटहब वर्कफ्लोच्या फोल्डरमध्ये ठेवतात, 'कोपायलट सेटअप स्टेप्स' नावाची. तिच्यातल्या जॉबचं नावही हुबेहूब तेच हवं. वेगळं असेल तर ती फाईल बाजूला ठेवली जाते, मग एजंट चाचपडत स्वतः पॅकेज शोधतो आणि फायरवॉलला अडतो.

खाडीपलीकडे

माडाची सावली, मायग्रेशनबद्दल शंभर टक्के सहमत. त्यात भर : लोकल असो की क्लाउड, ही टूल्स मराठी मजकुरावर काम करणारा कोड हमखास चुकवतात. आपली ॲप्स मराठीतच असतात, म्हणून डिफ वाचताना या जागा आधी बघा.

नाव साफ करायला टूल रेग्युलर एक्स्प्रेशन लिहितं : 'बॅकस्लॅश डब्ल्यू' सोडून बाकी काढून टाक. जावास्क्रिप्टमध्ये त्यात देवनागरी येतच नाही, सगळं नाव पुसलं जातं. हे निदान लगेच दिसतं. सांगितल्यावर टूल सुधारून युनिकोडचा 'पी एल', म्हणजे फक्त अक्षरं, असं लिहितं, आणि ही चूक जास्त वाईट. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार युनिकोडमध्ये 'अक्षर' नाहीत, 'चिन्ह' आहेत. 'देवगड हापूस'चं 'दवगड हपस' होतं. 'पी एल'सोबत 'पी एम' घ्यावंच लागतं. पायथनच्या मूळ रेग्युलर एक्स्प्रेशनमध्येही 'बॅकस्लॅश डब्ल्यू' मात्रा सोडून देतो.

दुसरी जागा आकड्यांची. कॉटलिनमध्ये 'फॉरमॅट' फोनची भाषा बघून आकडे लिहितं. फोन मराठीत असेल तर १२.५० देवनागरीत येतं. तेच स्ट्रिंग जोडून एसक्यूएल बनवलं तर एसक्यूलाइट देवनागरी आकड्याला कॉलमचं नाव समजतं आणि 'नो सच कॉलम : १२.५०' असा एरर देतं. डॉलरचं चिन्ह लावून थेट आकडा घातला तर तो रोमनच राहतो, म्हणून त्याच ॲपमध्ये एक स्क्रीन चालते, दुसरी पडते, आणि इंग्रजी फोनवर तर काहीच पडत नाही. साठवायला, पाठवायला, एसक्यूएलला 'लोकेल रूट' द्या आणि किमती बाइंड करून द्या, जोडून नको. दाखवायला मात्र देवनागरीच ठेवा, लोकांना तेच वाचायला बरं वाटतं. रक्कम पैशांत, पूर्णांकात साठवा.

जावास्क्रिप्टमध्ये उलट. वापरणाऱ्याने '१२' देवनागरीत टाइप केलं तर 'पार्सइंट' त्याला आकडाच मानत नाही. वाचायच्या आधी ० ते ९ रोमनमध्ये बदलून घ्या.

एमुलेटरची भाषा मराठी करून सगळ्या टेस्ट एकदा चालवा. एवढं केलं तरी यातले निम्मे दोष बाहेर येतात.

पागोळी

खाडीपलीकडे यांच्या पोस्टची प्रिंट काढून लॅबच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे.

बिल्डमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) मुक्तस्रोत झालं, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून दोन ओळी. ८ जीबीच्या मशीनवर ते मूळ मांडणीत निम्मी, म्हणजे ४ जीबी रॅम वापरू शकतं. युजर फोल्डरमध्ये डॉट-डब्ल्यूएसएलकॉन्फिग फाईल करून 'डब्ल्यूएसएल२' या मथळ्याखाली मेमरी ३ जीबी लिहा आणि 'डब्ल्यूएसएल शटडाउन' द्या, त्याशिवाय लागू होत नाही. नोटपॅड फाईलच्या नावामागे गुपचूप 'टीएक्सटी' लावतं. 'बदल केला तरी फरक नाही'चं कारण बहुतेक वेळा तेवढंच असतं. प्रोजेक्ट लिनक्सच्या होममध्येच ठेवा. 'एमएनटी सी'वरून विंडोजची डिस्क वापरली की हजारो छोट्या फायलींचं काम अतिशय रेंगाळतं.

नांगरलेली होडी

आणखी एक, ज्यांची ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत त्यांच्यासाठी. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ किंवा पुढचं टार्गेट असलेल्या नव्या ॲपला आणि अपडेटला १६ केबीच्या मेमरी पेजचा (फोन मेमरी ज्या तुकड्यांत वाटतो त्यांचा) आधार लागतो. नुसत्या कॉटलिन-जावाच्या ॲपला काही करावं लागत नाही. अडतात ती ॲप्स ज्यांत थर्मल प्रिंटरची किंवा पीडीएफची जुनी लायब्ररी 'एसओ' फाईल (सी++ सारख्या भाषेतून तयार झालेला यंत्रकोड) घेऊन आलेली असते. अँड्रॉइड स्टुडिओच्या एपीके ॲनालायझरमध्ये ती फाईल उघडून अलाइनमेंट बघा. स्वतःचा सी++ कोड असेल तर एनडीके २८ आणि ग्रेडल प्लगिन ८.५.१ च्या पुढे न्या. दुसऱ्याची लायब्ररी असेल तर नवी आवृत्ती शोधा किंवा लायब्ररी बदला. ती फाईल तुम्हाला दुरुस्त करता येत नाही. हंगामाच्या तोंडावर अपडेट अडकायला नको, आत्ताच बघून ठेवा.

सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. व्हेर्डाचिओ आणि ग्रेडलची एकच आवृत्ती, दोन्ही करायला घेते. जेम्मा ३एन मुलांना फोनवर दाखवायचं आहे. २ जीबीत चालतं म्हणतात ते खरं का? आणि राउटरसाठी छोटा यूपीएस कितीचा घ्यावा?

कातळावरचा

२ जीबी आणि ३ जीबी हे चालताना लागणाऱ्या रॅमचे आकडे आहेत, ई२बी आणि ई४बी या दोन आकारांचे. फाईल त्याहून मोठी : चार-बिटी आवृत्ती ई२बीची ३ जीबीच्या वर, ई४बीची ४ जीबीच्या वर. एकाच फोनवर उतरवा, बाकीच्यांना केबलने द्या. ॲपच्या आत ती फाईल भरू नका. आणि मॉडेलला हिशेबाची बेरीज करायला लावू नका, बेरीज कोडने करायची.

राउटरचा ॲडॉप्टर बघा, बहुतेक १२ व्होल्ट १ ॲम्पिअर असतो, काही ९ व्होल्टचे. यूपीएसचा व्होल्टेज आणि पिन तोच हवा. डब्यावर ८००० एमएएच लिहिलेलं असतं ते ३.७ व्होल्टच्या सेलचं. म्हणजे २९.६ वॉट-तास, रूपांतरात घट जाऊन हाताशी २५. राउटर ८ वॉट खात असेल तर तीन तास. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वायर द्या, नाहीतर राउटर चालू आणि नेट बंद.

माडाची सावली

खाडीपलीकडे, मराठीच्या यादीत 'ऱ्या'ही घाला. 'पऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो : एकात नुक्त्याचा 'ऱ' आणि हलन्त, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडायचं युनिकोड चिन्ह). पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना जुळत नाहीत, आणि एनएफसी (युनिकोड मजकूर एकसारखा करायची ठरलेली पद्धत) केल्यानेही एक होत नाहीत.

खाडीपलीकडे

बरोबर. साठवताना मूळ मजकूर तसाच ठेवा आणि शोधासाठी वेगळा कॉलम करा. त्यात आधी एनएफसी, मग 'र + हलन्त + झेडडब्ल्यूजे' दिसलं की 'ऱ + हलन्त'. क्रम हाच ठेवा, आणि बाकीचे झेडडब्ल्यूजे या फेरीनंतरच काढा. आधी काढलेत तर 'पऱ्या'चा 'पर्या' होईल. शोधायला टाइप केलेल्या शब्दालाही हीच प्रक्रिया लावा.